पहाटेचा दाब

सोमवार, ता. ३

हिरवळीवरचे फवारे बसले आहेत. ‘बसले’ हा शब्द विचारपूर्वक वापरतो आहे. आवाज बसतो, धंदा बसतो, तसे. गेल्या वर्षी हेच फवारे पहाटे जमिनीतून डोके वर काढून थेट कुंपणाच्या भिंतीपर्यंत पाणी फेकत आणि पलीकडच्या काकांचे वर्तमानपत्र भिजवत. आज पाहिले तर पाणी त्यांच्या स्वतःच्याच पायांशी पडत होते. कडेच्या दोघांना तर डोके वर काढण्याचीही उमेद उरलेली नाही. त्यांच्याभोवतीचे गवत पिवळे पडले आहे.

आमच्या घरातली कामाची वाटणी स्वच्छ आहे. बाहेरचे माझ्याकडे, आतले बायकोकडे. बाहेरचे म्हणजे हिरवळ. आतले म्हणजे उरलेले सगळे. तेव्हा ही नामुष्की सर्वस्वी माझी. शिवाय मी दैनिकाचा वार्ताहर. गावच्या पाणीपुरवठ्यावर मी इतकी वर्षे टीका करीत आलो आहे की, माझ्या दारात पाणी रुसले हे कळले तर पाणी खात्यातले लोक पेढे वाटतील.

दुसरी बातमी खरे तर पहिली यायला हवी होती. बायकोला मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली आहे. नवी शाळा आहे, रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. राहायला शाळेच्या आवारातच घर. महिन्यातून दोनदा इकडे येता येईल. इतकी वर्षे ती रसायनशास्त्र शिकवते आहे, आणि अशी जागा पुन्हा चालून येणार नाही हे तिचेच वाक्य. महिनाअखेरीपर्यंत कळवायचे आहे. हे सगळे तिने भाजी चिरता चिरता सांगितले.

मी तात्काळ म्हणालो, “तुझं तू ठरव. माझी काही हरकत नाही.”

“हरकत नाही, हे कळलं,” ती म्हणाली आणि चिरत राहिली.

इतक्या उदार उत्तराला याहून बरी दाद मिळायला हरकत नव्हती.

मंगळवार, ता. ४

फवारे बसवणाऱ्या कंपनीला फोन. संगीत ऐकले. मग एक मुलगी आली, तिने तक्रार काय ते विचारले आणि पुन्हा संगीतावर सोपवले. अखेर एक गृहस्थ म्हणाले, “जाळी तुंबली असणार, साहेब.” मातीत गुडघे टेकून एकेक फवारा उघडला, आतली जाळी काढली. जाळ्या इतक्या स्वच्छ की त्यांतून चहा गाळावा. पुन्हा फोन केला तर संगीतच.

लहानपणी आजोबांनी माझ्याकडून न्यायशास्त्र घोकून घेतले. त्याचा पोटापाण्याला उपयोग झाला नाही, निदान पाण्याला तरी होऊ दे. कार्य आहे तर कारण आहेच. हे कधीपासून सुरू झाले, ते आधी पाहू. नीट आठवून पाहिले, पण नेमके सांगता येत नाही. आई पाय मोडून इस्पितळात होती तेव्हा हिरवळीकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. ती घरी आली, वॉकर धरून चालू लागली आणि तिने खुर्ची हिरवळीवर मांडायला सांगितली, तेव्हा प्रथम लक्षात आले असावे. म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी केव्हातरी. यातून काही निष्पन्न होत नाही.

गुरुवार, ता. ६

बादलीचा प्रयोग. दुपारी बागेतल्या नळाखाली बादली ठेवली. बघता बघता भरून वाहू लागली. म्हणजे मुख्य नळाला पाणी भरपूर आहे आणि फवाऱ्यांपर्यंत जाताना ते कुठेतरी हरवते. आनंद झाला. रोग सापडला नाही, पण रोगाचा मोहल्ला सापडला.

भिंतीपलीकडच्या काकांनी माझा आनंद फार टिकू दिला नाही. ते पाण्यातले जाणकार आहेत, कारण ते रोज पोहतात. म्हणाले, “नळीत हवा अडकली असणार. नळीला ठोका.” मी ठोकले. “अजून जोरात.” अजून जोरात ठोकले. आतून कन्या ओरडली की तिच्या खोलीतल्या भिंतीतून कुणीतरी बाहेर येऊ पाहते आहे, त्याला आधी आत घ्या, चहा पाजा. कॉलेजात गेल्यापासून तिची जीभ फार धारदार झाली आहे. कुणावर गेली कळत नाही.

रविवार, ता. ९

प्लंबर आला. याचे खरे नाव मला माहीत आहे, पण घरात आम्ही त्याला ‘होऊन जाईल’ म्हणतो. त्याच्या तोंडी तेवढेच असते. शुक्रवारी येतो म्हणाला, रविवारी दुपारी आला. मी त्याला सगळा इतिहास सांगितला. त्याने मान डोलावली आणि फवारे सुरू केले.

फवारे भिंतीपर्यंत गेले. काकांची खिडकी भिजली.

डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवताच दाढदुखी थांबावी, तसे. मी त्याला शपथेवर सांगितले की पहाटे असे होत नाही. त्याने माझ्याकडे, पाण्याकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, “पहाटे म्हणजे तुम्ही झोपेत असता ना, साहेब?”

तरी मी आग्रह धरला म्हणून त्याने एक व्हॉल्व्ह बदलला. त्यासाठी हिरवळीच्या बरोबर मध्यभागी खड्डा खणला. खड्डा बुजवायचे तेवढे राहिले. होऊन जाईल.

मंगळवार, ता. ११

पहाटे फवारे बसलेले. नवा व्हॉल्व्ह, जुना रोग. भर म्हणून एक खड्डा. काल अंधारात त्यात पाय मुरगळला.

आज मीटरची परीक्षा घेतली. घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा पाहायचा. हलला तर कुठेतरी गळती. दुपारी सगळ्यांना दम भरून नळ बंद ठेवायला लावले आणि मीटरपाशी पालथा पडून राहिलो. काटा हलला नाही. गळती नाही. पाणी आहे, वाट मोकळी आहे, वाटेत भोक नाही, तरी पहाटे ते पोचत नाही. हे पाणी म्हणजे आमचा नगराध्यक्ष झाले.

उठताना मागच्या दोरीवरच्या चादरीत डोके अडकले. बायकोला अलीकडे चादरींचा नाद लागला आहे. रोज सकाळी दोरीवर एक चादर ठरलेली. इस्पितळात बदलत नाहीत इतक्या आमच्या घरी बदलतात. चहा घेताना मी तसे म्हणालो की बाई, चादरी आधी फाटणार की तुझे हात, पैज लावू. ती म्हणाली, उन्हाळा आहे, घाम येतो. आईने टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या घरात माझ्या विनोदांचे हे असे होते.

शनिवार, ता. १५

सकाळभर नगरपालिकेच्या सभेत. पाणी खात्याच्या अभियंत्याला बाजूला घेऊन विचारले की पहाटे आमच्या भागातला दाब कमी होतो का. तो म्हणाला की आमच्या भागातला दाब उत्तम आहे, आणि हे छापा. आता हे छापावे लागणार.

हिरवळीची पिवळी कड खुर्चीपर्यंत आली आहे. आईने विचारले, “अरे, हे वाळत का चाललंय?” मी म्हणालो, मला कळले तर तुला पहिल्यांदा सांगीन. तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिले.

रविवार, ता. १६

नव्या शाळेकडून बायकोला पुन्हा फोन आला. ती बोलत असताना तिचा आवाज वेगळा लागला. वर्गात शिकवताना तो तसा असणार. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीपाशी उभी होती. मग मला विचारले, “मी गेले तर पहाटेचं कोण बघणार?”

मी म्हणालो, त्याची तिने मुळीच काळजी करू नये, टायमर सगळे आपोआप करतो. फक्त दाबाचा प्रश्न तेवढा सुटायचा आहे.

तिने माझ्याकडे पाहिले. आम्लात पाणी ओतू पाहणाऱ्या विद्यार्थ्याकडे ती असेच पाहत असेल. “घरातलं पहाटेचं म्हणतेय मी, अहो.”

घरातले पहाटेचे म्हणजे काय? चहा मला करता येतो. कन्या मोठी झाली. आईला तिचे तिला सगळे जमते, वॉकर घेऊन ती न्हाणीघरापर्यंत जाते. बाई ठेवू म्हणालो, वाटले तर. ती म्हणाली, “आईंना बाई चालायची नाही.” मी म्हणालो, विचारून तर बघ. ती म्हणाली, “मला माहीत आहे ना.” आणि विषय संपवला.

स्वतःच्या पायात स्वतःच बेड्या घालायच्या आणि किल्ली कुणाला द्यायची नाही. वर, माझी हरकत नाहीच.

मंगळवार, ता. १८

‘होऊन जाईल’ खड्डा बुजवायला आला आणि बुजवता बुजवता मला एक वाक्य देऊन गेला. “साहेब, दुपारी चालतंय, पहाटे बसतंय, म्हणजे त्या वेळी घरात कुणीतरी पाणी ओढत असणार. एकच लाइन आहे तुमची. आत दोन-तीन नळ सुटले की बाहेर काय उरणार?”

इतके दिवस हे सुचले नाही याचा संताप आला. त्याच्यावर, कारण स्वतःवर करण्यात अर्थ नसतो. खरे तर हे शास्त्राला धरूनच आहे. ज्याच्या असण्याने कार्य होते आणि नसण्याने होत नाही, ते कारण. दाब बसतो तेव्हा काय असते आणि दाब असतो तेव्हा काय नसते, तेवढे पाहायचे. मी आजवर पहाटेचे फवारे बसल्यावरच पाहत होतो, कारण मी उशिरा उठतो.

उद्या पहाटे टेहळणी. कुणाला सांगणार नाही. साक्षीदाराला कळले की साक्ष बिघडते.

बुधवार, ता. १९

अंधार असतानाच मागच्या दाराने बाहेर पडलो आणि आईची खुर्ची घेऊन हिरवळीवर बसलो. थंडी वाजत होती. टायमर वेळेवर सुरू झाला. फवारे उठले आणि भिंतीपर्यंत गेले. मी जवळजवळ टाळी वाजवणार होतो.

मग आईच्या खोलीतला दिवा लागला. पडद्यावर दोन सावल्या. एक वाकलेली, एक उचलणारी. दिवा न्हाणीघरात गेला. गीझरचा नळ, फवारे अर्ध्यावर आले. बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज, मध्येच आईचा आवाज, बायकोचा आवाज, दोघी हसल्यासारख्या. एवढ्या पहाटे हसण्यासारखे काय असते? मग मागच्या पडवीत दिवा, वॉशिंग मशीन घरघरले, आणि त्या क्षणी फवाऱ्यांनी मान टाकली. त्यानंतर स्वयंपाकघर: भांडी, भाजी धुणे, तीन डबे. मग जिन्याखालची मोरी. एका खोलीतला दिवा मालवायचा आणि दुसरीतला लागायचा. सूर्य वर येईपर्यंत या घरातला एकही नळ असा नव्हता की जो एकाच माणसाने उघडला नाही.

निष्कर्ष: फवाऱ्यांचा शत्रू सापडला. मशीन, आणि मशीनची मालकीण.

चहाला मी निकाल जाहीर केला. मी खेळीमेळीने म्हणालो की गुन्हेगार घरातलाच निघाला. बायको हसली नाही. मी सुचवले की मशीन दुपारी लावावे. ती दुपारी शाळेत असते. मग संध्याकाळी. “तोपर्यंत ठेवता येणार नाही.” का नाही? चादरच तर आहे, काही पळून जात नाही. “नाही ठेवता येणार,” ती म्हणाली, आणि आईकडे न बघता तिच्या कपात साखर घातली. आईला साखर वर्ज्य आहे.

मग एकच तोड उरली. मी म्हणालो, “अर्धा तास आधी उठलीस तर? तुझं आटपेल, मग फवारे.”

कन्येने ब्रेड खाली ठेवला. “बाबा, फवाऱ्याची वेळ बदलायला एक बटण दाबावं लागतं.”

मी तिला समजावले की कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे, पाणी पहाटेच द्यावे. दिवसा उन्हाने उडून जाते, रात्री गवताला बुरशी धरते. न्यायशास्त्रात शब्द, म्हणजे जाणत्याचे वचन, हेही एक प्रमाण आहे.

“आणि आईची वेळ कुठल्या पुस्तिकेत आहे?” ती म्हणाली आणि डबा उचलून निघून गेली. सांगितले ना, जीभ.

शुक्रवार, ता. २१

दोन दिवस घरात फार सभ्यतेने बोलणे चालले आहे. ‘मीठ देता का’, ‘आभारी आहे’, वगैरे.

आज रात्री जेवताना बायको म्हणाली, “मी त्यांना नाही म्हणून सांगणार आहे. उद्या जाऊन शाळा बघून येते, त्यांनी एवढं बोलावलंय. फोनवर नाही म्हणायला बरं वाटत नाही. तोंडावर सांगते.” परवा रात्रीपर्यंत परत.

मला वाईट वाटले आणि थोडे बरेही वाटले; दोन्ही लिहून ठेवतो. कारण विचारले. ती म्हणाली, नाही जमणार. मी आग्रह केला नाही. आग्रह करणे म्हणजे माणसावर दबाव आणणे, आणि ते माझ्या स्वभावात नाही. आई मात्र पानावरून अर्धवट उठली. जेवण गेले नाही म्हणाली.

शनिवार, ता. २२

बायको गेली. जाण्यापूर्वी कन्येशी बराच वेळ कुजबुज. कन्या म्हणत होती, “हो गं आई, लावते गजर, उठते.” या मुलीने कधी पहाट पाहिलेली नाही. तिला कशासाठी उठवताहेत, काही कळत नाही. बायको निघता निघता मला म्हणाली, “सकाळी आईंकडे आधी बघा.” चहाचे म्हणत असावी. मी चहाचे आधण रात्रीच मोजून ठेवले आहे.

आणि उद्या प्रयोगाची उत्तम संधी आहे. कारण घरात नाही. आता कार्य होते की नाही, पाहू.

रविवार, ता. २३

जसे घडले तसे लिहितो.

पहाटे खिडकीतून पाहिले. फवारे भिंतीपर्यंत. पूर्ण दाब, कडेचे दोघेही ताठ. आत सगळा अंधार, एकही नळ नाही. मी स्वयंपाकघरात उभा राहून एकट्याने चहा घेतला आणि शास्त्र किती खरे असते याचे समाधान मानले. बायको आहे, दाब नाही. बायको नाही, दाब आहे. हे वाक्य तिला कसे खुलवून सांगावे तेही योजून ठेवले.

मग फवारे अर्ध्यावर आले.

मला खरेच राग आला. माझ्या डोळ्यांदेखत सिद्धांत मोडत होता. कोण पाणी ओढते आहे? कन्या तर झोपलेली (ती गजर बंद करून पुन्हा झोपली होती, हे नंतर कळले). पाण्याच्या आवाजामागे मी जिन्याखालून न्हाणीघरापर्यंत आलो, दार लोटलेले होते, आणि चोर पकडावा तसा दार ढकलून ओरडलो, “कोण आहे आत?”

“मी आहे,” आई म्हणाली.

ती वॉकर एका हाताने धरून उभी होती. दुसऱ्या हाताने बादलीत चादर पिळू पाहत होती. नळ पूर्ण सुटलेला, पाणी बादलीवरून तिच्या पावलांवर. गाऊन मागून भिजलेला, आणि तो नळाच्या पाण्याने नव्हे, एवढे माझ्यासारख्यालाही कळले. दिवा लावलेला नव्हता. तिने मुद्दाम लावला नसावा.

इतक्या दिवसांत मी किती नळ्या ठोकल्या, किती जाळ्या काढल्या. एक चादर पाहून कळायला हवे होते, ती मी रोज पाहत होतो.

काय बोलावे सुचेना म्हणून बोलू नये ते बोललो. म्हणालो, “आई, मी पाणी कुठे जातं ते शोधत होतो.”

“सापडलं ना? मग नळ बंद कर.”

मी नळ बंद केला.

ती म्हणाली, तू बाहेर जा, पोरीला उठव. मी गेलो नाही. पाय घसरून पडली असती तर, एवढा एक विचार होता. तिला स्टुलावर बसवले, टॉवेल दिला, कोरडा गाऊन आणला. गाऊन कुठल्या कपाटात असतात ते मला माहीत नव्हते. मी तिचा साडीचा कप्पा उपसला, मग कन्येचा, शेवटी तिलाच विचारले. गाऊन बदलताना तिने मला भिंतीकडे तोंड करायला लावले आणि तिचा दंड मात्र धरून ठेवायला सांगितले. मी भिंतीकडे तोंड करून तिचा दंड धरून उभा राहिलो. केव्हापासून, म्हणून विचारले.

“इस्पितळातून आल्यापासून. रोज नाही, पण बहुतेक. तिला बजावलं होतं, तुला कळता कामा नये.”

“पण मला का नाही?”

“तू विनोद करतोस,” आई म्हणाली.

मी ओला गाऊन चादरीवर बादलीत टाकला.

मग चादर मशीनपाशी नेली. फवाऱ्यांची पुस्तिका मला तोंडपाठ आहे. मशीनवर किती बटणे आहेत हे आज प्रथम पाहिले. एक दाबले तर त्याने शिट्टी मारली. मागून आई वॉकर सरकवत आली. “वरचं नको. खालचं. आधी झाकण नीट लाव. साबण तिकडे नाही घालत, इकडे.” लहानपणी पाटीवर ‘क’ गिरवून घेतला त्याच आवाजात. मशीन घरघरले. पडवीच्या जाळीतून हिरवळ दिसत होती. फवारे खाली बसत बसत मातीत गेले. निदान पूर्ण झाले.

कन्या उठून धावत आली तेव्हा मी चादर दोरीवर टाकत होतो. ती माझ्याकडे बघून थबकली, मग आजीकडे. “तुम्हाला कळलं?” एवढेच म्हणाली. म्हणजे या घरात न कळलेला मी एकटाच होतो.

बायको रात्री परतली. मी तिला काही सांगितले नाही. खुलवून सांगायचे म्हणून जे योजून ठेवले होते, तेही नाही. आईने नजरेनेच मना केले. बायको मात्र न विचारता बोलू लागली. शाळेची प्रयोगशाळा केवढी आहे, खिडक्या किती उंच, दारातच एक मोठे झाड, मुली तिच्याभोवती कशा जमल्या. “तोंडावर नाही म्हणवलं नाही मला. तीस तारखेपर्यंत कळवते म्हटलं.” मग एकदम भांडी घासायला उठली. मी तिला बसायला सांगितले. तिने चकित होऊन पाहिले, पण बसली नाही.

सोमवार, ता. २४

आज बायकोच आधी उठली. ती उठली आणि मला जाग आली, पण उठायला उशीर झाला. खाली पोचेपर्यंत मशीन लागले होते. मी पडवीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. पूर्वी एकदा मोठ्या सभेत प्रश्न विचारायला उठलो आणि आवाजच फुटला नव्हता, तसे झाले.

दुपारी टायमरची वेळ बदलली. एक बटण. सूर्य वर आल्यावर, घरातले आटोपल्यावर. पुस्तिका काहीही म्हणो. थोडे पाणी उडून जाईल तर जाईल.

आईशी तिच्या खोलीत बोललो. ती म्हणाली, तुला जमणार नाही. म्हणालो, शिकीन. म्हणाली, तुला किळस येईल. मी म्हणालो, माझी तुला आली होती का? ती म्हणाली, “तू तेव्हा बोलत नव्हतास.”

मग बराच वेळ तिने माझा हात हातात धरून ठेवला, अर्थात नाडी बघितल्यासारखा, कारण तसे हात धरण्याची तिला सवय नाही.

बुधवार, ता. २६

काल आणि आज मी आधी उठलो. काल बायकोला जाग आली नाही, थकलेली होती. मी आईच्या खोलीत गेलो, काय करायचे ते केले. आईने डोळे मिटून घेतले, मी सभेची बातमी सांगत राहिलो, तिला नगराध्यक्ष आवडत नाही म्हणून त्याच्याविषयी. ती एकदा हसली. एवढ्या पहाटे हसण्यासारखे काय असते, ते कळले.

आज मात्र मशीनच्या आवाजाने बायको खाली आली. पडवीच्या दारात उभी राहिली. केस सुटलेले, चष्मा नाही. मी साबणाचा डबा हातात धरून, बाही वर केलेली. आई कोरड्या गाऊनमध्ये स्टुलावर बसून देखरेख करीत होती.

बायकोने आधी आईकडे पाहिले. बघून तिचे ओठ जरा हलले. सून म्हणून रागावावे की सुटल्यासारखे वाटून घ्यावे, हे ठरेना असे.

“आई, तुम्ही सांगितलंत?”

“मी कशाला सांगतेय. पाणी शोधत शोधत आला.” आईने वॉकर जवळ ओढला आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, “तू त्यांना कळव. येते म्हणून कळव. ह्याला मशीन लावता येतं.”

मशीन फिरत होते.

मला वाटले आता आपण काहीतरी म्हणायला हवे. हरकत नाही, हे तोंडात आले होते, ते गिळले. म्हणालो, “तू जा. मला तू जायला हवी आहेस.” हे वाक्य बरोबर झाले नाही, तरी तिला कळले असावे.

ती पुढे आली, झाकणाच्या काचेतून आत पाहिले. “साबण किती घातलात?”

मी सांगितले.

“जास्त झाला. निम्मा पुरतो.”

आणि ती पडवीच्या पायरीवर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. चादर धुऊन होईपर्यंत बसून राहिली. मध्येच विचारले की भाजी कुणी चिरली. मी म्हणालो, अजून नाही. ती उठली नाही.

शाळा उघडायच्या वेळी तिने फोन केला. मी दोरीवर चादर टाकत होतो, त्यामुळे सगळे ऐकू आले नाही. “हो,” एवढे नीट ऐकू आले. मग ती वर्गातल्या त्या आवाजात म्हणाली, “हो, नक्की. घरचं बघायला माणूस आहे.”